मे महिन्यातली दरी

नववीपासून मी यू आकाराची दरी काढत आले. हिमनदी डोंगर कोरत खाली येते, दरीचा तळ सपाट होतो, कडा उभ्या राहतात आणि बाजूने एखादी छोटी लोंबती दरी येऊन मिळते. ही आकृती मी शाळेत काढली, बारावीला काढली, बी.ए.ला भूगोल घेतल्यावर तर जवळजवळ दर परीक्षेत काढली आणि दर वेळी तिला चांगले गुण मिळाले. बर्फाचं हे सगळं ज्ञान मी नागपुरात बसून मिळवलं. प्रत्यक्ष बर्फ पाहिला होता तो फ्रिजमधला आणि गोळ्याच्या गाडीवरचा. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी तरी कुठे हिमनदी पाहिली होती? पण शिकवताना त्या असे हातवारे करायच्या की हिमनदी आपल्याच बाकाखालून सरकते आहे असं वाटायचं.

म्हणून पदवीचं तिसरं वर्ष स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठात जाऊन करण्याची संधी आली, तेव्हा अर्जात मी आडपडदा न ठेवता लिहिलं की मला ती दरी पाहायची आहे. बाकी मुलांनी जागतिक दृष्टिकोन वगैरे लिहिलं होतं. मला वाटतं तिथल्या लोकांनाही त्याचा कंटाळा आला असावा, कारण निवड माझी झाली.

जाण्याआधी विषय निवडून कळवायचे होते. तिथल्या भूगोल विभागाने जी यादी पाठवली तिच्यात शेवटी एक विषय होता: हिमनदीने घडवलेल्या भूरूपांचा क्षेत्र अभ्यास. वर्षाच्या शेवटी दहाएक दिवस डोंगरात राहायचं आणि एका दरीचा नकाशा तयार करायचा. यू आकाराच्या दरीचा. बाकीची यादी वाचण्याआधीच मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

विषय निवडायचे म्हणजे मी एकटीने निवडायचे, असा तिकडच्या लोकांचा समज होता. आमच्या घरात साधा कूलर घ्यायचा तरी चार माणसं दुकानात जातात. त्यामुळे मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, खिडकीला ओला पडदा लावून आणि कूलर पूर्ण वेगावर ठेवून, आमच्या बैठकीच्या खोलीत विषयनिवड सुरू झाली. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. तीस-पस्तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस निवृत्तीनंतर घर चालवतो तेसुद्धा शिफ्टनेच. आई उमरेडच्या विणकर घरातली, पण हातमाग तिच्या वडिलांबरोबरच थांबला. ती घरी साड्यांना फॉल-पिको करते आणि मशीन चालवता चालवता घरातल्या प्रत्येक निर्णयावर मत देते. आत्या नरखेडकडची, संत्र्याच्या बागेतली. ती फोनवर होती आणि फोन स्पीकरवर होता.

बाबा यादी मोठ्याने वाचत होते. मधेच थांबून चष्मा वर करत होते.

"ऊर्जेचा भूगोल," ते म्हणाले. "हा घे. यातलं काही अडलं तं मी आहो."

मी तो घेतला. तिथे बाबांच्या ओळखीचं कोणतंही केंद्र नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला मोडवला नाही.

"भावनांचा भूगोल," त्यांनी पुढे वाचलं.

आईने मशीन थांबवलं. "भावनेचाही भूगोल असते?"

"असते म्हणतात."

"नको. मैत्रिणीले काय सांगू मी, पोरगी परदेशात काय शिकून राहिली म्हणून?"

अन्नाचा भूगोल मात्र आईला पसंत पडला. बाबांना शंका होती की तिथे खायला शिकवतात की काय. फोनमधून आत्या म्हणाली, "संत्र्यावर काही हाये का पाह्य." संत्र्यावर काही नव्हतं. आत्याचा त्या विद्यापीठावरचा विश्वास तिथेच डळमळला आणि पुढे तो कधी सावरला नाही. शहरांचा भूगोल सगळ्यांनी विरोध न करता मंजूर केला. नकाशाशास्त्रावर बाबांनी एवढंच सांगितलं की सगळेच कठीण विषय घेऊ नको, मशीन कधी पूर्ण लोडवर चालवू नये.

मग ते माझ्या दोन रेघांच्या विषयापाशी आले. "क्षेत्र अभ्यास. कालावधी, मे महिना. विद्यार्थ्यांनी पूर्ण दिवस उघड्यावर काम करायची तयारी ठेवावी."

आईचं मशीन पुन्हा थांबलं. 

"मे महिन्यात?" आई म्हणाली. "पूर्ण दिवस?"

"उघड्यावर," बाबा म्हणाले.

"आमच्या इथं मे महिन्यात दुपारी बैल नाही जुंपत कोणी," आत्या म्हणाली, "अन् हे लोकं पोरीले जुंपून राहिले काय?"

बाबांनी यादी गुडघ्यावर ठेवली. "इंग्रज पहिलेपासूनच असे. इथं होते तेव्हाही टोप्या घालून भर उन्हात फिरत."

आता नागपूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की आमच्याकडे मे हा महिना नसून एक घरगुती कायदा आहे. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही. पडलंच तर डोकं, कान आणि तोंड दुपट्ट्यात बांधायचं, निघण्याआधी पन्हं प्यायचं आणि गरम वाऱ्याची लू लागू नये म्हणून खिशात कच्चा कांदा ठेवायचा. या कायद्यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. न्यायाधीशांच्या खिशातही कांदा असणार अशी माझी खात्री आहे.

आणि मी? अक्षांश, तिरपे सूर्यकिरण, सागरी हवामान, हे सगळं मला येत होतं. रात्री झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी उत्तर गोलार्धातल्या तापमानपट्ट्यांची आकृती काढून दिली असती. पण त्या दुपारी बाबांनी मे म्हटलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आला तो आमच्या घरासमोरचा रस्ता, ज्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. त्या रस्त्यावर दहा दिवस नकाशा काढायचा म्हणजे काय, ते मला दिसलं. मी म्हणाले, "खरंच, मे मधे कसं जमन?" दरी काय, ती लाखो वर्षं तिथेच आहे, एखाद्या शनिवारी-रविवारी जाऊन पाहून येऊ, अशी मी स्वतःची समजूत घातली. बाबांनी विषय खोडला. आईने मला पन्हं दिलं.

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन मॅडमकडे गेले. तिथला प्रत्येक विषय आमच्या एखाद्या पेपरशी जुळवून त्यांनी सही करायची, नाही तर परत आल्यावर तो पेपर मला पुन्हा द्यावा लागणार होता. मॅडम आम्हाला हवामानशास्त्र शिकवतात. हे मी मुद्दाम सांगते आहे.

"हा का काढला?" त्यांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "तुला तर हाच हवा होता ना?"

"मॅडम, मे महिन्यात आहे."

"मे?" त्यांनी चष्मा काढला. "मे मधे फील्डवर नेतात? आपण डिसेंबरात नेतो. कुहीला धानाच्या शेतात नेलं होतं आठवते ना, डिसेंबरातसुद्धा दोन मुलींना चक्कर आली होती." असं म्हणून त्यांनी त्या जागी संख्याशास्त्रीय पद्धती लिहिलं आणि सही केली. यादी त्याच संध्याकाळी तिकडे गेली. भूगोलाच्या दोन अभ्यासक समोरासमोर बसल्या होत्या, भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता, आणि दोघींपैकी एकीनेही मान वळवून स्कॉटलंड कुठे आहे ते पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात तिकडच्या विद्यापीठातल्या सल्लागार बाईंचा व्हिडिओ कॉल आला. इथे दुपारचे तीन वाजले होते. बाबा बनियनवर असल्यामुळे दाराआड खुर्ची टाकून बसले होते. कॅमेऱ्यात यायचं नव्हतं, पण एक शब्दही सोडायचा नव्हता. बाई स्क्रीनवर आल्या. त्यांच्या अंगात जाड लोकरी स्वेटर होता, गळ्यात मफलर होता, आणि मागच्या खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं आजारी असतील.

इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही क्षेत्र अभ्यास काढून टाकला? तुमच्या अर्जात तर सगळं त्याबद्दलच होतं."

"हो," मी म्हणाले. "उन्हामुळे."

बाईंनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कुठल्या उन्हामुळे?"

त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या डोक्यात एकदम सगळे तापमानपट्टे एकमेकांवर येऊन आदळले. तो मे महिना होता. त्यांच्याकडेही मेच होता. त्यांच्या अंगात स्वेटर होता. दाराआडून बाबांचा आवाज आला, अगदी हळू: "हाव ना बाप्पा."

पण जागा गेली होती. क्षेत्र अभ्यासाला मुलं रांगेत असतात आणि माझी जागा दुसऱ्या कोणाला दिली होती. बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या की विषय शिकवणारे प्राध्यापक शेवटची एक जागा हातात राखून ठेवतात, त्यांच्याशी बोलून पाहते. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. प्राध्यापकांना बघायचं होतं की ही मुलगी उघड्यावर बसून काम करू शकते का. तुमच्या भागातलं कोणतंही भूरूप निवडा, जागेवर जाऊन स्वतः रेखाटन करा आणि शुक्रवारपर्यंत पाठवा. पुस्तकातून काढलेलं चालणार नाही.

मी लगेच होकार कळवला. फोन खाली ठेवल्यावर लक्षात आलं की इथेही मे आहे.

त्या दुपारी मी रडले. इतकी वर्षं जी दरी पाहायची होती ती मी स्वतःहून सोडून दिली होती, तीही अशा उन्हाला भिऊन जे तिथे नव्हतंच. आणि ती परत मिळवायची तर आता असल्या उन्हात जाऊन बसायचं होतं जे इथे नक्की होतं. मला माझा इतका राग आला की रडू थांबेना. आईने पाण्याचा तांब्या आणून पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "रडू नको वं. आंगातलं पाणी कमी होते."

बाबांनी मात्र एकदम शिफ्टचा आवाज काढला. "सकाळी पाचला निघू. नदीवर. दहाच्या आत घरी."

"तिकडच्या मे मधे नाही पाठवत म्हटलं," आई म्हणाली, "तं इकडच्या मे मधे पाठवू काय?"

"पाठवायचं कायले? आपण सोबत जाऊ ना."

गुरुवारी पहाटे आम्ही कोराडीच्या पुढे कन्हान नदीच्या पात्रात पोचलो. बाबा त्यांच्या स्कूटरवर, पायाशी पाण्याची कॅन आणि मागे बांधलेली घडीची खुर्ची. मी माझ्या मोपेडवर आणि मागे आई, हातात छत्री. तिघांच्याही खिशात कांदे. एवढ्या तयारीत आम्ही दोन दिवस सहज तिथे राहिलो असतो.

नदी वळण घेत होती. पलीकडचा काठ कापला जाऊन उभा झाला होता, अलीकडे वाळू साचली होती, आणि मधून पाण्याची एक बारीक धार कशीबशी चालली होती. वाळूत संपत आलेल्या टरबुजाच्या वाड्यांचे वाळलेले वेल पडले होते. मी वाळूत बसकण मारली आणि अर्ध्या तासात नदीचं सुरेख वळण काढलं. बाबा मागून येऊन उभे राहिले. एकदा कागदाकडे, एकदा नदीकडे पाहिलं. मीटरचं रीडिंग तपासायची सवय.

"हे झाड कुठं हाये?"

मी वर पाहिलं. झाड नव्हतं. पुस्तकातल्या नदीकाठी असतं म्हणून माझ्या हाताने काढलं होतं. मग मी नीट पाहिलं, तर नदीसुद्धा पुस्तकातलीच होती. समोरची नदी एवढी गोल वळत नव्हती, मधेच अडखळत होती, आणि कापलेल्या काठाचा एक मोठा तुकडा खाली कोसळून आडवा पडला होता. मी कागद फाडला आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या कागदावर कोसळलेला तुकडा आला, पण वाळू विसरली. तिसरा कागद घेतला तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं होतं.

आईने छत्री उघडली आणि कागदावर धरली. माझ्या डोक्यावर नाही, कागदावर. तिच्या मते माणूस घरी नेऊन बरा करता येतो, कागद करपला तर करपला. दहा वाजले. बाबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, चला. मी म्हणाले, थोडंसं राहिलं आहे. माझे डोळे त्या पडलेल्या तुकड्यावर होते. पुराच्या पाण्याने तो काठ खालून पोखरला असणार, आणि तो कसा पोखरला ते मला तेव्हा पहिल्यांदा, आकृतीशिवाय, समजत होतं. मला तिथून उठायचंच नव्हतं.

"आता नाही लागून राहिलं तिले ऊन," आई बाबांना म्हणाली. दोघं थांबले. बाबांनी खुर्ची आणून आईसाठी उघडली आणि स्वतः वाळूत उभे राहिले. छत्रीचा हात ती बदलत राहिली. घरी पोचायला बारा वाजून गेले, आणि आमच्या घराण्यात मे महिन्यात बारानंतर रस्त्यावर दिसलेले आम्ही बहुधा पहिलेच.

रेखाटनावर मॅडमची सही लागत होती. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "कोपऱ्यात हा डाग कसला?"

"घाम आहे मॅडम."

"राहू दे. हवामान कळेल त्यांना." मग सही करता करता म्हणाल्या, "आणि हे बघ, मे महिन्याचं आपलं जे काही झालं ते वर्गात सांगू नको." मी वर्गात सांगितलं नाही. लिहून काढण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

सोमवारी उत्तर आलं. प्राध्यापकांचं म्हणणं होतं की हात साधारण आहे, पण नदी पाहून काढलेली दिसते, तेव्हा जागा दिली. बाबांनी हे वाक्य आत्याला फोनवर वाचून दाखवलं. 'हात साधारण आहे' हा भाग त्यांनी वगळला. संख्याशास्त्रीय पद्धती खोडून मॅडमनी पुन्हा क्षेत्र अभ्यास लिहिलं आणि सप्टेंबरात मी गेले.

तिथलं वर्ष कसं गेलं ते वेगळं. ऊर्जेच्या भूगोलात मला खरोखरच काही गोष्टी अडल्या, आणि बाबांनी त्या फोनवर पाऊण-पाऊण तास समजावून सांगितल्या, कोराडीच्या उदाहरणांसह. मग मे आला आणि आम्हाला डोंगरात नेलं.

दरीत पोचल्यावर मला आधी कळलंच नाही की आपण दरीत आहोत. आकृतीत ती एका नजरेत मावते. इथे मी तिच्या तळाशी उभी होते, पायाखाली पाणथळ गवत होतं, मेंढ्या चरत होत्या, कडा धुक्यात गेल्या होत्या आणि वाऱ्यात बोटं वाकत नव्हती. अंगात दोन स्वेटर, एक जाकीट आणि वरून दुपट्टा. मग धुकं थोडं सरकलं आणि दोन्ही कडा एकदम दिसल्या, उभ्या, आणि उजवीकडे उंचावर लोंबती दरी, जिथे मी नेहमी काढायची तिथेच. मला हसू आलं आणि लगेच घरची फार आठवण आली. ही दरी माझ्याइतकी दुसऱ्या कोणाला माहीत असेल तर ती नागपुरातल्या दोन माणसांना, जी वर्षानुवर्षं माझ्या प्रयोगवह्यांना कव्हरं घालून देत होती.

एका मोठ्या दगडावर चढलं की फोन लागत होता. नागपुरात दुपार होती. आधी कूलरचा आवाज आला, मग बनियनवर बाबा आले, मग त्यांच्या खांद्यावरून आई. मी फोन फिरवला आणि हळूहळू पूर्ण दरी दाखवली.

"तळ सपाट हाये वं," बाबा म्हणाले. "तू काढत होती तसाच."

आईला तळाचं काही पडलं नव्हतं. "ऊन किती हाये तिथं?"

"ऊन नाही आई. गारा पडून राहिल्या."

"असन. पण मे हाये ना. कांदा हाये का खिशात?"

आदल्या दिवशी डोंगराखालच्या शेवटच्या दुकानात सगळे चॉकलेट घेत होते तेव्हा मी एक कांदा घेतला होता. बरोबरच्या मुलांना वाटलं स्वयंपाकासाठी. मी हातमोजा काढला, जाकिटाच्या खिशातून तो कांदा काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. त्याच्यावर दोन-तीन गारा पडल्या.

आईने फोन आपल्या हातात घेऊन कांदा नीट निरखून पाहिला. "लहान हाये वं," ती म्हणाली. "मोठा घ्याचा होता." मग तिने घाईने फोन परत बाबांच्या हातात दिला.